पट्टीखालची चिठ्ठी

माझा धंदा काय, असं कोणी विचारलं की मी सांगतो, "चिकटवणं आणि सोडवणं." समोरच्याला वाटतं, म्हातारा कोड्यात बोलतोय. मग सरळ सांगावं लागतं की मी गिटार दुरुस्त करतो, सिल्वासात, टोकरखाड्यात. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: इथे गिटार कोण वाजवतं हो? अहो, वाजवतात! रविवारी चर्चमध्ये वाजवतात, नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात, खानवेलकडचे लोक लग्नात बेंजोच्या जोडीला वाजवतात. कॉलेजातल्या ज्याला ज्याला कोणी आवडतं, तो तो वाजवतोच. आणि वाजवतात तेवढी मोडतातही. त्यावर माझा संसार झाला.

मी मूळचा शिरपूरकडचा. पोटासाठी इथे आलो आणि गलोंड्याला प्लायवूडच्या कारखान्यात लागलो. पाटलाचा पाटीलभाई झालो. माझं खातं गोंदाचं. दिवसभर पिंपात गोंद घोटायचा, लाकडाच्या पापुद्र्यांवर फासायचा, एकावर एक रचून गरम प्रेसमध्ये घालायचे. तपासणीला येणारा साहेब तयार तुकडा आमच्यासमोर फोडायचा. लाकूड फाटलं आणि जोड शाबूत राहिला, तर माल पास. जोड सुटला, तर आमचा उद्धार. म्हणजे कारखान्याने मला एकच धर्म शिकवला: लाकूड मेलं तरी चालेल, जोड सुटता कामा नये.

लोरेन्स अंकलनी मला याच्या बरोबर उलटा धर्म शिकवला. तो माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. ही सगळी हकिकत त्या वेळाचीच आहे.

अंकल दमणचे. बाप सुतार, स्वतः सुतार, शिवाय चर्चमध्ये गिटार वाजवणारे. टोकरखाड्यात माझ्या खोलीच्या शेजारी त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. एकदा मी पाळी संपवून घरी येत होतो, हाताला गोंदाच्या खपल्या. अंकल दारातून ओरडले, "ए खानदेशी, तू गोंदवाला है ना? इधर आ, ये सूंघ." मी वास घेतला आणि दोन पावलं मागे सरलो. शेगडीवर पाण्याच्या भांड्यात दुसरं छोटं तांब्याचं भांडं, त्यात चहाच्या रंगाचं काहीतरी शिजत होतं. अंकल खदाखदा हसले. तो सरस. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला. वड्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी मंद आचेवर शिजवायच्या, उकळी येऊ द्यायची नाही. अंगठा आणि बोट बुडवून लांब करायचं, मधे तार धरली की झाला. वास असा की आमच्या हिने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "तो वास घरमा आनू नका, दारातच आंघोळ करा." पण मला ते काम आवडलं. पाळी संपली की मी अंकलकडे जाऊ लागलो, आणि जातच राहिलो.

आता थोडं धंद्याचं सांगतो. गिटारच्या दांड्यावर जी काळपट पट्टी असते, जिच्यावर बोटं दाबून सूर काढतात, तिला फिंगरबोर्ड म्हणतात. आम्ही नुसतं पट्टी म्हणतो. ती शिसवीची, आणि खालचा दांडा फिक्या लाकडाचा. दोन्ही एकमेकांना चिकटवलेली. दांड्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तारांच्या ओढीने दांडा वाकू नये म्हणून. पण आमच्याकडे चार महिने अशी ओल असते की चपलांना बुरशी येते, मग लाकडाची काय कथा! दांडा वाकतो, सळई तुटते, पट्टीला चीर जाते. दुरुस्त करायचं तर आधी पट्टी सोडवावी लागते. इथेच गोंदाची जात कळते.

सरस लावलेला असेल तर पट्टीवर ओलं फडकं ठेवायचं, वरून इस्त्री फिरवायची, कडेने पातळ पातं सरकवायचं. अर्ध्या तासात पट्टी अशी अलगद येते की दोन्ही लाकडं कोरी करकरीत. सुतारकामाचा पांढरा गोंद असेल तर तोही इस्त्रीने नरम पडतो. पण त्याची खोड ही की तो उन्हातही नरम पडतो. एका ऑर्केस्ट्रावाल्याने गिटार भर उन्हात टेम्पोच्या काचेपाशी ठेवली. पट्टी जागची सरकली. हा गडी रात्रभर तशीच वाजवत राहिला आणि बेसूर झाल्याबद्दल गाणारीशी भांडला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा लग्नाची बोलणी मोडल्यासारखा चेहरा. ती गाणारी म्हणजे त्याची होणारी बायको होती, हे मला नंतर कळलं.

पाच रुपयांच्या ट्यूबवाले तर विचारूच नका. एक जण दुकानात आला, तो गिटार घेऊन आला नव्हता, गिटारच त्याला घेऊन आली होती. मधलं बोट पट्टीला घट्ट. शेजारच्या पार्लरमधून नेलपॉलिश काढायचं औषध आणलं. बोट सुटलं, पण गिटारचं पॉलिशही गेलं. आणि एक गुजराती शेठ. मुलाची गिटार घेऊन आले, सगळं बोलणं झालं, आणि मी भांड्याचं झाकण उघडलं. "आ शुं छे?" मी खरं ते सांगितलं. शेठ दोन्ही कानांवर हात ठेवून रस्त्यापर्यंत गेले. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नव्हता. अंकलनी त्यांना पांढरा गोंद लावून दिला आणि बजावलं, "शेठ, गिटार धूप में मत रखना, नहीं तो पाप लगेगा." शेठनी ते इतकं मनावर घेतलं की ती गिटार पुढे देवघरात ठेवायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन डब्यांचा गोंद. एका डब्यात राळ, दुसऱ्यात ती कडक करणारं औषध, दोन्ही मिसळली की दगड. पाण्याला दाद देत नाही, इस्त्रीला मोठ्या मिनतवारीने देतो, आणि सुटताना लाकडाचा लचका घेऊन सुटतो. कारखान्यात आम्ही त्याला नमस्कार करायचो. अंकलच्या दुकानात त्याला मज्जाव होता. आणि त्याला कारण होतं.

अंकलची एक रीत होती. पट्टी काढली, दांडा सरळ केला, की पुन्हा बसवायच्या आधी गिटारच्या मालकाला बोलवायचं. उघड्या फिक्या लाकडावर त्याने पेन्सिलीने काय वाटेल ते लिहायचं. लिहीपर्यंत आम्ही दोघांनी तोंड फिरवून उभं राहायचं. मग अंकल चर्चमधून आणलेला मेणबत्तीचा तुकडा डोळे मिटून त्या अक्षरांवर फिरवायचे, म्हणजे तेवढ्या जागी सरस धरत नाही आणि अक्षर कोरडं राहतं. मग बाकीच्या लाकडाला सरस लावून पट्टी बंद. ती चिठ्ठी पुढच्या वेळी पट्टी निघेल तेव्हाच दिसणार. कोणी आपलं नाव लिही, कोणी देवाचं, कोणी कोणाला तरी जे तोंडाने बोलता आलं नाही ते. जुन्या गिटारी पुन्हा आल्या की लोक आपलंच लिहिलेलं वाचून हसायचे. एक म्हातारबा तर वाचून ढसाढसा रडले होते. मी एकदा म्हणालो, "अंकल, आमच्या कारखान्याचा गोंद लावू या, जन्मात सुटणार नाही." अंकल म्हणाले, "खानदेशी, चिठ्ठी लिखके पाकीट को वेल्डिंग मारेगा क्या?"

मी हसलो. पण मनात म्हटलं, हे म्हाताऱ्याचे लाड आहेत.

आता नेरूरकर सरांची गिटार. सर आणि बाई, दोघं कोकणातले, वेंगुर्ल्याकडचे. सर इथल्या सरकारी कचेरीत, बाई शाळेत. नवीन लग्न झालेलं. सर उंच, बडबडे, बाईंची सतत थट्टा करणारे. दांडा वाकला म्हणून गिटार आणली. अंकलनी पट्टी काढली, सळई बदलली, दांडा सरळ केला, आणि नेमका त्याच दिवशी दमणहून बहीण आजारी असल्याचा निरोप आला. निघताना मला म्हणाले, "सरस भिगाके रखा है. कल पका, और टीचर का पट्टी बिठा. चिठ्ठी लेना मत भूल." पहिल्यांदाच त्यांनी मला पट्टी एकट्याने बसवायला दिली होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो. आधीच्या महिन्यात अशाच पावसात अंकलच्या सरसाची एक पट्टी कडेने सुटून परत आली होती. माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, आज दाखवूनच देऊ. खात्यातल्या मुकादमाला सांगून दोन डब्यांचा गोंद दोन बाटल्यांत घेऊन आलो.

सर-बाई आले. मी रीतीप्रमाणे पेन्सिल दिली आणि तोंड भिंतीकडे केलं. मागे खुसखुस चाललेली. बाई म्हणत होत्या, "बघू दे ना, एवढंच बघू दे." सर म्हणाले, "पट्टी निघेल तेव्हा वाच." "आणि निघालीच नाही तर?" "मग तुझं नशीब!" दोघं एका छत्रीत हसत गेले.

मग मी मेणबत्ती उचलली आणि परत खाली ठेवली. कारखान्याचा पहिला नियम असा की जोडाच्या जागी तेलकट-मेणकट काही असता कामा नये, जोड कच्चा राहतो. माझ्यातला गोंदखात्याचा माणूस जागा झाला. मेण लावलं नाही. गोंद त्या अक्षरांवरूनच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फासला, पट्टी ठेवली, शिकंजे आवळले. भिजवलेला सरस मोरीत ओतला. आणि स्वतःवर इतका खूश झालो की काही विचारू नका.

दोन दिवसांनी अंकल आले. गिटार तयार होऊन गेली होती. दुकानात उभे राहिले, नाक वर केलं आणि म्हणाले, "आज दुकान में बास नहीं है." सरस शिजला की त्याचा वास आठवडाभर भिंती सोडत नाही, हे मी विसरलोच होतो. मी म्हणालो, "अंकल, दारं उघडी ठेवली होती." अशा पावसात दारं उघडी! अंकलनी माझ्याकडे पाहिलं. "टीचर के गिटार में सरस ही डाला ना?" मी म्हणालो, "हो अंकल." ते म्हणाले, "अच्छा किया."

त्यानंतर वर्षभर त्यांनी मला एकही पट्टी बसवू दिली नाही. मी सरस शिजवायचो, ते बसवायचे. मला वाटायचं, म्हातारपणामुळे हेकट झालेत. कसलं हेकट आणि कसलं काय! त्यांना सगळं कळलं होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं, बस्स. पुढे नजर गेली तेव्हा मुलीकडे दमणला राहायला निघाले. सरसाचं तांब्याचं भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "टीचरवाला गिटार कभी वापस आया, तो मेरे को बोलना." तेव्हा तरी बोलायचं होतं! मी नुसतं "हो" म्हणालो. दमण काय लांब आहे? तरी तीनदाच गेलो भेटायला, आणि तिन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून आलो. चौथ्यांदा गेलो ते मातीला.

बावीस वर्षं गेली. कारखाना कधीच सोडला होता, दुकान माझं झालं होतं. सरसावर माझा विश्वास बसला होता, तोही अंकल गेल्यावर. त्यांच्यासारखीच चिठ्ठी घेऊ लागलो, मेण लावू लागलो. नेरूरकर सर-बाई बाजारात भेटायचे. सर लांबूनच ओरडायचे, "पाटीलभाई, पट्टी अजून पक्की!" मी नुसता हात हलवून दुसऱ्या गल्लीत वळायचो. मग चार वर्षांपूर्वी सर गेले. हृदयाचा झटका, पन्नाशीही पुरती ओलांडली नव्हती.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर बाई दुकानात आल्या. गिटार उराशी धरलेली. आता त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, पण त्या दिवशी बाकावर बसल्या त्या एखाद्या लहान मुलीसारख्या. म्हणाल्या, "पाटीलभाई, पट्टी काढायची आहे. गिटारला काही झालेलं नाही. मला ते वाचायचं आहे. एकोणीस वर्षं मी रोज विचारत होते आणि तो रोज एकच उत्तर द्यायचा. आता विचारायलाही कोणी नाही. तीन वर्षं धीर झाला नाही. आता राहवत नाही हो." माझं तोंड सवयीने बोलून गेलं, "त्यात काय बाई, अर्ध्या तासाचं काम." आणि मग माझ्या तोंडचं पाणी पळालं.

गिटार ठेवून घेतली. रोज काहीतरी सबब. आज इस्त्री बिघडली, उद्या पाहुणे. बाईंचा फोन आला की मी बाहेर जायचो. शेवटी एका दुपारी देवाचं नाव घेतलं आणि पट्टीच्या खालच्या टोकाला, गिटारच्या पोकळ पेटीच्या बाजूने, इस्त्री लावली. बराच वेळ काही नाही. पट्टी करपायला लागली तेव्हा गोंद जरा हलला. पातं घातलं, थोडं दाबलं, आणि कचकन आवाज झाला. पट्टीचा तुकडा वर आला तो दांड्याचं लाकूड घेऊन. बोटभर लांबीचा लचका, त्याच्याही काड्या काड्या झालेल्या. त्या काड्यांवर पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके होते. मी त्या वेचल्या, जुळवून पाहिल्या, एक अक्षर होईल तर शपथ. काडेपेटीत भरल्या आणि दार लावून बसून राहिलो. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. सरांसाठी, बाईंसाठी, आणि खरं सांगायचं तर अंकलसाठी. तेव्हा त्या बाकावर अंकल असते तर त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

संध्याकाळी बाईंना बोलावलं आणि सगळं सांगितलं. सरस, मेण, मोरी, काही लपवलं नाही. काडेपेटी समोर ठेवली. बाईंनी ती उघडून पाहिली. मग असा आवाज चढला की समोरचा चहावाला डोकावला. "बावीस वर्षं तुम्ही मला भेटताय! बाजारात, बँकेत, माझ्या घरी सत्यनारायणाला जेवून गेलात! एकदा सांगता आलं नाही? तो होता तेव्हा सांगितलं असतंत तर मी त्याच्याकडून वदवून घेतलं असतं!" खाली मान घालून उभा होतो.

मग काडेपेटी बंद करून म्हणाल्या, "आता काही मार्ग?" मार्ग एकच होता. पट्टी खालून सोडवायचीच नाही. वरून रंधा मारत मारत ती सगळी संपवायची, गोंदाच्या थरापर्यंत यायचं. गोंद काचेसारखा पारदर्शक असतो. अक्षर त्याच्याखाली शाबूत असेल तर दिसेल. पण शिसवीची ती पट्टी कायमची गेली, आणि जराही हात चुकला तर अक्षरंही गेली. बाई म्हणाल्या, "करा. मी इथेच बसते. आता तुम्हाला एकट्याला सोडायची नाही."

तीन संध्याकाळी काम चाललं. पहिल्या दिवशी पट्टीत आडव्या ठोकलेल्या धातूच्या सगळ्या बारीक पट्ट्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी रंधा. काळ्या सालींचा ढीग झाला, त्याला गोडसर वास. बाई मुलांच्या वह्या तपासत बसलेल्या, पण पान काही उलटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पट्टी पापडाइतकी पातळ झाली. मग रंधा ठेवला आणि काचेचा तुकडा घेतला. जुने सुतार काचेच्या धारेनेच खरवडतात, त्यात हाताला सगळं कळतं. खरवडता खरवडता काळ्यातून मधाचा रंग दिसू लागला. तो माझा गोंद, बावीस वर्षांत पिवळा पडलेला. ओलं बोट फिरवलं, तर आत काहीतरी राखाडी हललं.

मी काच बाईंच्या हातात दिली. कशी धरायची ते दाखवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, रीत आहे. मागे खरखर, खरखर. मग खरखर थांबली. मला वाटलं, संपलं, काही नाही उरलं. तेवढ्यात बाई मोठ्याने वाचायला लागल्या. वर्गात वाचतात तसं, स्पष्ट.

"विद्या, शेवटी उघडलीसच गो! तुला दम निघत नाही हे मला ठाऊकच होतं. गिटार विकू नकोस. आणि रोज संध्याकाळी..."

तिथे लाकूड तुटलं होतं. पुढचं काडेपेटीत होतं.

"दम निघत नाही म्हणे!" बाई म्हणाल्या. "अरे, बावीस वर्षं दम धरला!" आणि हसता हसता इतक्या रडल्या की मला काय करावं कळेना. चहावाल्याला खूण केली, तो चहा ठेवून गेला.

मी म्हणालो, "बाई, शेवटचं माझ्यामुळे गेलं." बाईंनी डोळे पुसले. "रोज संध्याकाळी काय, कोण जाणे. रोज संध्याकाळी भात जास्त लाव, असंही असेल. त्याचं काही सांगता येत नाही. असू दे, पाटीलभाई. सगळं कळलं असतं तर उद्यापासून मी कशाचा विचार केला असता?" हे त्या माझ्यासाठी बोलल्या, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. पण बोलल्या.

पुढे महिनाभर मी ती गिटार केली. खानवेलच्या एका जुन्या घराच्या चौकटीचं शिसव मिळालं, त्याची नवी पट्टी घडवली. दांड्याच्या कडेचा गोंद खरवडून लाकूड कोरं केलं, सरांची अक्षरं मात्र तशीच ठेवली. जिथे लचका तुटला होता, तिथे नव्या फिक्या लाकडाचं ठिगळ बसवलं. पट्टी बंद करायच्या दिवशी सकाळीच सरस शिजवला. दुकानात वास असा भरला की बाईंनी पदर नाकाला लावला. मी पेन्सिल पुढे केली.

सरांचं वाक्य त्या ठिगळापाशी येऊन थांबत होतं. "आणि रोज संध्याकाळी." त्याच्या पुढे नवं कोरं लाकूड. बाईंनी त्या लाकडावरून बोट फिरवलं. मग त्यांनी पुढचं लिहिलं. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. मी भिंतीकडे बघत होतो. मेणबत्ती फिरवली तीही डोळे मिटून.

मग मी विचारलं, "बाई, मी एक ओळ लिहू? गिटार तुमची आहे, नाही म्हणालात तरी चालेल." बाईंनी काही न विचारता पाठ फिरवली. दांड्याच्या वरच्या टोकाला थोडी जागा होती. लिहिलं: "अंकल, टीचरवाली गिटार परत आली. तो सरस नव्हता. चुकलो. तुमचा खानदेशी." हे कोण वाचणार? मी असेपर्यंत ही पट्टी निघायची नाही. माझ्यानंतर इथे पट्टी काढणारा कोणी उरेलसं वाटत नाही. हल्ली गिटार मोडली की लोक दुसरी मागवतात, ती दोन दिवसांत खोक्यातून घरी येते. तरी लिहिलं. पुढे कोणी उघडलीच, तर ओलं फडकं, इस्त्री आणि अर्धा तास, एवढ्यात त्याचं काम होईल. लाकूड तुटणार नाही.

"एवढं काय लिहिताय?" बाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"पट्टी निघेल तेव्हा वाचा," मी म्हणालो.

बाई हसल्या. मग खिडकीकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. मी भांड्याचं झाकण काढलं आणि ब्रश बुडवला. सरस गरम असतानाच लावावा लागतो, थांबून चालत नाही.